हलका हात आणि धीराचा शब्द

वाचकाचं पत्र :

माझं वय ४८. सात वर्षांपूर्वी कपाट सरकवताना कमरेत उसण भरली. पंधरा दिवसांत गेली, सहा महिन्यांनी परत आली, आणि गेली तीन-चार वर्षं तर ती कधी पूर्ण जातच नाही. काम दिवसभर खुर्चीत बसून करायचं. संध्याकाळी उठताना कंबर धरलेली असते, चार पावलं टाकल्याशिवाय सरळ होता येत नाही. एमआरआय काढला. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी फुगली आहे, झीज आहे, पण ऑपरेशनची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या, शेक, पट्टा, वजन लावून कंबर ताणायचं ट्रॅक्शन, सगळं करून झालं. व्यायाम दिले होते, दोन महिने केले आणि मग सुटले. माझ्या जाऊबाई एका कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणक्यांवर हाताने उपचार करणाऱ्याकडे, जातात. ‘कडाकडा काही मोडत नाहीत, अगदी हलक्या हाताने करतात’ असं सांगतात, आणि त्यांना बरं वाटतंय हे मला दिसतंही. आमच्या ह्यांनी मात्र मान मोडण्याचे व्हिडिओ पाहून ठेवलेत. ‘आहे ते दुखणं परवडलं, पण कोणाच्या हातात मणका द्यायचा नाही’, असं त्यांचं म्हणणं. सात वर्षांत मी खाली वाकून मोजा घातलेला नाही, पाय मांडीवर घेऊन घालते. जाऊन बघावंसं वाटतं आणि भीतीही वाटते. जाऊ का?

उत्तर :

ताई,

जा. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी न जाण्याचं कारण मला दिसत नाही. पण मुदत ठरवून जा. आणि तिथे हात काय करतात याच्याइतकंच तोंड काय बोलतं याकडे लक्ष ठेवा. हे दुसरं का म्हणते ते पुढे नीट सांगते, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे.

आधी माझी बाजू. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कायरोप्रॅक्टर नाही. पाठदुखीला कंटाळलेली माणसं मी रोज बघते, आणि त्यांतली बरीचशी माझ्याकडे येण्याआधी कायरोप्रॅक्टरकडे जाऊन आलेली असतात. काहींना चांगला उतार पडलेला असतो, काहींना काडीचा फरक पडलेला नसतो. आणि मोजक्या काहींना तिथे ऐकलेल्या एखाद्या वाक्याने वर्षानुवर्षं जखडून ठेवलेलं असतं.

जाण्याआधी स्वतःला काही प्रश्न विचारा. लघवी सुरू व्हायला नव्याने त्रास होतोय का, किंवा ती नकळत होते का? शौचावरचा ताबा गेलाय? बसताना खुर्चीला जो भाग टेकतो तिथे, मांड्यांच्या आतल्या बाजूला, बधिरपणा आलाय? पायातली ताकद कमी होतेय, चप्पल पायातून निसटते तरी कळत नाही, टाचांवर चार पावलं चालता येत नाहीत? यातलं काहीही नव्याने सुरू झालं असेल तर ते काम कायरोप्रॅक्टरचं नाही आणि माझंही नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठायचं. कण्याच्या खालच्या टोकाशी नसांचा जो झुपका असतो तो दाबला गेला, तर उशीर फार महागात पडतो.

दुसरे काही प्रश्न इतके तातडीचे नाहीत, पण त्यांची उत्तरं डॉक्टरांना सांगितल्याशिवाय कोणाच्या टेबलावर झोपू नका. बारीक ताप येतो का, वजन आपोआप उतरलंय का, पूर्वी कधी कॅन्सर किंवा क्षयरोग झाला होता का, कूस बदलूनही न थांबणारं दुखणं रात्री झोपेतून उठवतं का. अलीकडे पडला-बिडला असाल, स्टेरॉइडच्या गोळ्या बराच काळ चालल्या असतील, रक्त पातळ करायचं औषध चालू असेल, तर तेही सांगा. सकाळी उठल्यावर पाठ अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली राहत असेल आणि हिंडल्या-फिरल्यावरच मोकळी होत असेल, तर सांध्यांच्या सुजेचा एक वेगळा आजार असू शकतो आणि त्याची औषधंही वेगळी असतात. शिवाय तुमचं वय पाळी जाण्याच्या आसपासचं आहे. या काळात हाडं ठिसूळ व्हायला लागतात. घरात कोणाचं हाड किरकोळ पडण्याने मोडलेलं असेल, तर हाडांची घनता एकदा तपासून घ्या. ठिसूळ हाडांवर झटका द्यायचा नसतो, हलका म्हणूनही नाही.

हे सगळं ‘नाही’ असेल, आणि पत्रावरून तसंच वाटतंय, तर पुढे वाचा.

कायरोप्रॅक्टिक या नावात ग्रीक भाषेतले ‘हात’ आणि ‘कृती’ हे दोन शब्द आहेत. हातांनी करायचा उपचार, एवढाच त्याचा अर्थ. १८९५ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी एका कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या पाठीतला मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असं त्यांचं सांगणं होतं. त्यावरून त्यांनी सिद्धांत मांडला की मणके जागेवरून किंचित हलतात, नसांवर दाब येतो आणि बहुतेक सगळे आजार त्यातून होतात. तो सिद्धांत पुढे टिकला नाही. आजचे पुष्कळ कायरोप्रॅक्टर तो मानत नाहीत. पाठ, मान, सांधे यांच्यापुरतंच ते काम करतात आणि बरोबरीने व्यायामही शिकवतात. पण काही जण अजून त्याच भाषेत बोलतात. ‘तुमचा मणका जागेवर नाही’ हे वाक्य त्या १८९५च्या खोलीतून चालत आलेलं आहे. ते लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचंय.

आता जाऊबाई म्हणतात ते ‘हलक्या हाताचं’ म्हणजे नेमकं काय असतं? तुम्हाला भीती वाटते ती बरीचशी न पाहिलेल्याची आहे, म्हणून खोलीत काय होतं तेच सांगते.

बहुधा तुम्हाला एका लांब टेबलावर पालथं झोपवतील. या टेबलाचा कमरेखालचा भाग सुटा असतो. कायरोप्रॅक्टर एक तळहात कमरेवर टेकवतात आणि दुसऱ्या हाताने टेबलाचा तो भाग हळूहळू खाली नेतात, वर आणतात, परत खाली. झोके घेतल्यासारखं होतं. कमरेचे मणके क्षणभर एकमेकांपासून सैल होतात आणि मिटतात. याला फ्लेक्शन-डिस्ट्रॅक्शन म्हणतात. झटका नाही, आवाज नाही. पहिले दोन झोके तुम्ही अंग आवळून घ्याल, पाचव्या-सहाव्याला कंबर आपोआप सोडून द्याल. माझ्या पेशंटांपैकी ज्यांनी हे करून घेतलंय, त्यांतल्या एक बाई म्हणाल्या होत्या, ‘कोणीतरी माझ्या कमरेचं ओझं थोडा वेळ स्वतःकडे घेतलं.’ त्यांचं म्हणणं मला पटलं.

दुसरा प्रकार अ‍ॅक्टिव्हेटरचा. हातात मावेल असं स्प्रिंगचं उपकरण असतं, टोकाला रबर. ते मणक्याशेजारी टेकवून दाबलं की ‘टक्’ असा आवाज होतो आणि टिचकी मारल्याइतका ठोका बसतो. तिसऱ्या प्रकारात टेबलाचाच एक तुकडा किंचित वर उचललेला असतो आणि दाब दिला की तो बोटभरही नाही इतका खाली पडतो. त्यात इजा होण्यासारखं काही नाही, पण आवाज मोठा येतो आणि दचकायला होतं. म्हणून ‘आता पडेल’ असं आधी सांगायला सांगा. काही जण ओटीपोटाच्या हाडांखाली पाचरीसारख्या उशा ठेवून तुम्हाला नुसतं पडून राहायला सांगतात, अंगाच्या वजनानेच ताण सुटू देतात. आणि साधं हाताने तालात दाबणं-सोडणं तर असतंच. ते मीही करते, त्यावर कोणा एका पेशाची मालकी नाही.

व्हिडिओतल्या त्या ‘कडाड’ आवाजाबद्दल मात्र जरा थांबून बोलू, कारण तुमच्या ह्यांच्या मनात तोच आवाज बसलाय. तो हाड मोडल्याचा नाही आणि हाड जागेवर बसल्याचाही नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग झटकन दूर गेले की आतला दाब उतरतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. बोटं मोडताना येतो तोच हा आवाज. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी एमआरआय यंत्रात बोट ओढून हे प्रत्यक्ष टिपलं होतं. आवाज येतो त्या क्षणी पोकळी तयार होताना दिसते. म्हणजे आवाज आला म्हणून उपचार लागू पडला असं नाही, आणि आला नाही म्हणून फुकट गेला असंही नाही.

आता विचाराल, याने फरक पडतो का? पडतो, पण बेताचा. २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक आढावा आला होता. जुनाट कंबरदुखीवर मणक्यांना हाताने हालचाल देण्याच्या उपचाराच्या ४७ चाचण्या त्यात एकत्र तपासल्या होत्या, ९,२११ माणसं त्यांत होती. व्यायामासारखे जे उपचार आज सुचवले जातात, त्यांच्याइतकाच हा उपचार उपयोगी पडतो, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे तो त्यांच्याहून वरचढ नाही आणि निरुपयोगीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन जाहीर केलं, त्यात माहिती देणं आणि व्यायाम यांच्या बरोबरीने हा उपचारही आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन मात्र करू नये अशा यादीत आहेत. तुम्ही ते दोन्ही निष्ठेने करून थकलात. तेव्हा गुण आला नाही याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

हलक्या पद्धती झटक्याच्या पद्धतीहून कमी पडतात का? झोक्याच्या टेबलाची आणि झटक्याची समोरासमोर चाचणी झालेली आहे, बऱ्याच दिवसांच्या कंबरदुखीत दोन्ही साधारण सारख्याच ठरल्या. तेव्हा घाबरट म्हणून हलकं निवडताय असं वाटून घेऊ नका, त्यात तोटा नाही. अ‍ॅक्टिव्हेटरबद्दल माझं मत इतकं चांगलं नाही. नव्या कंबरदुखीच्या एका चाचणीत हाताने केलेला उपचार त्याच्यापेक्षा उजवा ठरला होता. दोन्हीपैकी निवडायला सांगितलं तर मी झोक्याचं टेबल आणि हात निवडेन.

उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकतं, अर्ध्याअधिक लोकांना काही ना काही होतं. नव्याने व्यायाम केल्यावर दुखतं तसं. आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही. कमरेच्या हलक्या उपचारात गंभीर इजा फार म्हणजे फारच विरळा. मानेचं वेगळं आहे. मानेला झटका देताना मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. विरळा असल्या तरी आहेत. तुमचं दुखणं कमरेचं आहे. तेव्हा पहिल्याच दिवशी ठामपणे सांगायचं, ‘मानेला झटका द्यायचा नाही.’ संपूर्ण कणा एकच आहे, मान केल्याशिवाय कंबर सुटणार नाही, असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या. ह्यांना वाटते ती काळजी अगदीच अनाठायी नाही, फक्त ती मानेच्या जागी आहे, कमरेच्या नाही. असं मोकळेपणाने कबूल केलंत तर त्यांचाही विरोध जरा मवाळ होईल.

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, पन्नाशीचे. आठ वर्षांपूर्वी एका उपचारकाने त्यांच्या पाठीवरून बोट फिरवून सांगितलं होतं, ‘हा मणका बाहेर आलाय. आज बसवतो, पण जपा, परत निसटेल.’ हात हलका होता, गृहस्थांना त्या दिवशी बरंही वाटलं होतं. पण ‘परत निसटेल’ हे दोन शब्द ते घरी घेऊन गेले. त्या दिवसापासून ते वाकले नाहीत. खाली पडलेलं पेन पायाने सरकवून भिंतीला लावायचे आणि भिंतीला पाठ घासत खाली बसून उचलायचे. मुलगी लहान होती, तिला उचलून घेतलं नाही; ती मोठी झाली. ते मला म्हणाले, ‘मॅडम, दुखणं पाच आणे होतं, धास्ती अकरा आणे.’ मी त्यांना पहिल्यांदा स्टुलावरची वही वाकून उचलायला लावली तेव्हा त्यांचा शर्ट घामाने भिजला होता, आणि वही हातात आल्यावर ते बराच वेळ नुसते तिच्याकडे बघत उभे राहिले.

ताई, मणका असा निसटत नाही. दोन मणक्यांमध्ये गादी असते, मागे सांध्यांची जोडी, पुढे-मागे लांबच लांब चिवट बंध, आणि त्यावर स्नायूंचे थर. अपघातात किंवा काही विशिष्ट आजारांत मणका सरकतो, पण तो एक्सरेत दिसतो आणि बोटाने दाबून परत ‘बसत’ नाही. उपचाराने बरं वाटतं ते बहुधा वेगळ्या वाटेने. आखडून बसलेले स्नायू सैल होतात, आणि दुखण्याचा जो निरोप मज्जासंस्था मोठ्या आवाजात पोचवत असते तो काही काळ हळू होतो. हे थोडं नाही. पण यात ‘निसटलं’ आणि ‘बसवलं’ असं काही घडत नाही.

आणि तुमचा एमआरआय. ‘गादी फुगली आहे, झीज आहे’, हे वाचून तुमच्या मनात काहीतरी फुटायला आलेलं, झिजून संपत आलेलं, असं चित्र उभं राहिलं असणार. २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा ३,११० माणसांचे स्कॅन त्यात पाहिले होते. पन्नाशीच्या, न दुखणाऱ्या माणसांपैकी सुमारे ६० टक्क्यांची गादी फुगलेली होती आणि ८० टक्क्यांमध्ये झीज होती. विशीतल्या, धडधाकट पोरांतही ३० टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या. केस पांढरे व्हावेत तसंच हे. दुखणं खरं आहे, त्यात शंका नाही. पण ते त्या फुगलेल्या गादीमुळेच आहे असं तुमच्या रिपोर्टवरून ठरत नाही.

म्हणून म्हणते, हात हलका आहे का एवढंच बघून भागत नाही. त्यांचं बोलणं ऐकून तुम्ही बाहेर पडताना जास्त मोकळ्या होता की जास्त जपून चालायला लागता, ते बघा. चांगला उपचारक तुम्हाला म्हणेल, ‘तुमची पाठ भक्कम आहे, फक्त घाबरलेली आहे, जरा सैल करून देतो, मग तुम्ही तिला वापरा.’ ‘जन्मभर महिन्यातून दोनदा यावं लागेल, नाहीतर परत बिघडेल’ असं म्हणणारा हात कितीही मऊ असो, तो तुम्हाला त्या गृहस्थांच्या भिंतीकडे नेतोय.

पहिल्या भेटीत त्यांनी तुम्हाला हात लावण्याआधी बराच वेळ प्रश्न विचारले पाहिजेत. वर मी जे विचारले तेच. न विचारता थेट टेबल दाखवलं तर ती पहिली खूण समजा. पायांतली ताकद, संवेदना, गुडघ्यावर हातोडीची टिचकी, हे तपासलं पाहिजे. काय करणार, का करणार, दुसरे पर्याय काय, हे सांगून तुमची संमती घेतली पाहिजे, आणि ‘थांबा’ म्हटलं की त्याच क्षणी हात थांबले पाहिजेत. त्यांचं शिक्षण कुठलं, किती वर्षांचं, हे विचारायला संकोचू नका. काही वर्षांचं पदवी-शिक्षण घेतलेला माणूस या प्रश्नाने रागावत नाही. आठवड्याच्या शिबिरात शिकलेला रागावतो. एमआरआय बरोबर असताना पुन्हा सगळ्या कण्याचे एक्सरे काढायला सांगितले, किंवा पहिल्याच दिवशी चाळीस-पन्नास बैठकांचे पैसे आगाऊ मागितले, तर नमस्कार करून परत या.

मुदत मी सांगते : चार आठवडे, सहा ते आठ बैठका. सुरू करण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहून ठेवा. दुखणं दहापैकी किती, हे लिहाच, पण त्यावर फार विसंबू नका, ते दिवसागणिक हेलकावे खातं. सलग किती वेळ बसता येतं ते घड्याळ लावून लिहा. आणि संध्याकाळी खुर्चीतून उठल्यावर सरळ व्हायला किती पावलं लागतात ते लिहा, ते माप तुम्हीच पत्रात दिलंय. चार आठवड्यांनी या आकड्यांत ठळक फरक नसेल तर थांबा. फरक असेल तर भेटी वाढवायच्या नाहीत, दोन भेटींमधलं अंतर वाढवायचं. मधेच पायात नवीन कळ उतरायला लागली, मुंग्या वाढल्या किंवा ताकद कमी झाली तर मुदतीची वाट बघू नका, थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता व्यायाम. तुम्ही लिहिलंत ‘दोन महिने केले आणि मग सुटले’, आणि त्या ओळीत थोडी शरम मला जाणवली. ती नको. दुखत असताना व्यायाम करणं जड जातं, आणि तिथेच हा उपचार तुमच्या उपयोगी पडेल असं मला वाटतं. २००४ साली ब्रिटनमध्ये १,३३४ कंबरदुखीच्या पेशंटांची एक मोठी चाचणी झाली. ज्यांना आधी हाताने उपचार आणि मग व्यायाम असं दिलं, त्यांना तीन महिन्यांनी मध्यम फायदा होता आणि वर्षाने थोडा. टेबलावरून उठल्यावर जो मोकळेपणा असतो तो काही तास, फार तर एक-दोन दिवस टिकतो. तो आराम करण्यात घालवू नका. त्याच संध्याकाळी चाला. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग दर आठवड्याला थोडी वाढवा. कामावर दर अर्ध्या-पाऊण तासाने उभ्या राहा; व्यायाम म्हणून नाही, नुसतं पाणी प्यायला, खिडकीशी जायला. एका बैठकीत ‘सरळ बसण्या’पेक्षा बसण्याची तऱ्हा बदलत राहणं पाठीला जास्त मानवतं.

आणि मोजा. वाकून मोजा घालता येणं हेच आपलं काम आहे असं धरून चाला. पहिल्या भेटीला जाताना त्या कायरोप्रॅक्टरना हेच सांगा : ‘मला दुखणं शून्य नको आहे, मला वाकून मोजा घालायचाय.’ घरी सुरुवात अशी करा. खुर्चीत बसा, समोर पाऊल ठेवायला गुडघ्याच्या उंचीचं स्टूल घ्या, त्यावर पाय ठेवून पुढे वाका. पाठ गोल झाली तर होऊ द्या, पाठ गोल व्हायलाच बनलीय. श्वास अडवू नका, वाकताना सोडा. कमरेत ताण जाणवेल, थोडं दुखेल, आणि दुखणं म्हणजे इजा नव्हे हे स्वतःला सांगा. दिवसातून दोनदा, पाच-सहा वेळा. आठवड्याने, दहा दिवसांनी स्टुलाऐवजी बुटका पाट घ्या. मग पाटही काढा. एखाद्या दिवशी नाही जमलं तर एक पायरी वर या, सोडून देऊ नका. दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखणं वाढलेलं राहिलं तर थोडं जास्त झालं एवढाच त्याचा अर्थ.

जाऊबाईंचं ऐकायचं की ह्यांचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पत्रात तो आहे. पहिल्या भेटीला ह्यांनाच बरोबर न्या. टेबलापाशी खुर्चीत बसू द्या, झोके कसे देतात ते डोळ्यांनी बघू द्या, मानेबद्दलचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या. व्हिडिओ बघून जी काळजी लागलीय ती घरात वाद घालून जाणार नाही. जाऊबाईंना मात्र एकच सांगा, की त्यांच्या इतक्या बैठकांत त्यांना जो गुण आला तोच तुम्हाला तितक्याच दिवसांत यायला हवा अशी वाट बघणार नाही. दोन पाठी सारख्या नसतात.

चार आठवडे झाले की मला परत लिहा. वहीतले आकडे मागाहून लिहिलेत तरी चालेल, मोजा कुठपर्यंत आला ते आधी कळवा : स्टुलावर, पाटावर की जमिनीवर.